लकव्याचा झटका आला तर: पहिल्या साडेचार तासांत घरच्यांनी काय करायचं

मी कोल्हापुरात एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. लकव्याचा पेशंट ट्रॉलीवरून आत आला की डॉक्टर त्याच्याकडे वळतात आणि मी नातेवाइकांकडे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शेवटचे धडधाकट कधी बघितले होते?" आणि बहुतेक वेळा उत्तरही ठरलेलं असतं: "सकाळपासनंच असं हाय बघा सिस्टर." पेशंट दुपारी बाराला आला असेल तर या "सकाळपासनं"मध्ये पहाटेचे पाचही बसतात आणि साडेदहाही. पाच असतील तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ टळलेली असते, साडेदहा असतील तर हातात चांगला वेळ असतो. माणूस तोच, आजार तोच. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही एवढ्यावरून उपचार हातचा जातो. हे सारखं डोळ्यांसमोर घडतं म्हणून हे लिहायला घेतलं.

अंगावरनं वारं गेलं असं आपण ज्याला म्हणतो तो मेंदूचा झटका असतो आणि तो दोन प्रकारचा असतो. साधारण पाचांतल्या चार जणांना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, आम्ही तिला दिवसभर क्लॉटच म्हणतो. उरलेल्यांची रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं, तो ब्लीड. क्लॉटमध्ये आत काय होतं ते आपल्या भागातल्या माणसाला शेतावरून पटकन कळतं. पाटात दगड अडकला की लगतच्या सरीतला ऊस आधी वाळतो, पण कडेच्या सऱ्यांना शेजारून थोडी ओल मिळत असते. तो ऊस माना टाकतो, पण मेलेला नसतो. पाणी वेळेत सुटलं तर उठतो. मेंदूतही मधला थोडा भाग काही मिनिटांत मरतो आणि भोवतीचा मोठा भाग बंद पडलेला पण जिवंत असतो. तातडीचे सगळे उपचार त्या भोवतीच्या भागासाठी असतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी जातात, म्हणून आम्ही कॅज्युअल्टीत एवढे पळत असतो.

ओळखायचं कसं

घरच्या घरी तीन गोष्टी करायला लावा. "दात दाखवा" म्हणा, ओठ एका बाजूला ओढला जातो का बघा. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगा आणि दहा आकडे मोजा, एक हात आपोआप खाली येतो का बघा. तिसरं, बोलायला लावा. मी आपल्याकडच्या माणसाला "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणायला सांगते. हे वाक्य इथं लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत जिभेवर बसलेलं आहे, त्यामुळं एक अक्षर जरी घसरलं तरी ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तिन्हींपैकी एक चुकलं तरी निघायचं. आधी बीपी बघू, मग ठरवू, असं करायचं नाही.

काही झटके या तिन्हींत सापडत नाहीत. अचानक एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, उभं राहिल्यावर तोल जाऊन पडणं आणि सोबत उलट्या होणं, हाही मेंदूचा झटका असू शकतो. घरात त्याला "पित्त झालंय" म्हणतात आणि माणूस पडून राहतो. कधी हातपाय चांगले असतात, पण माणूस असंबद्ध बोलतो किंवा आपण बोललेलं त्याला कळत नाही. मग कुणी म्हणतं प्यालाय, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलंय. अचानक, एका क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी आली, तर ती रक्तवाहिनी फुटल्याची असू शकते. आणि ओली बाळंतीण डोकं दुखतंय म्हणून सारखी सांगत असेल, नजर धूसर होत असेल, आकडी (फिट) आली असेल, तर बाळंतपणाचा थकवा समजू नका. तिच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. तिचा उपचार वेगळा आहे, रक्त पातळ करायचं हेपारिन देतात. वेळेत आल्या तर या मुली चांगल्या बऱ्या होतात.

या आजाराचा घात असा की तो बहुतेक वेळा दुखत नाही. छातीत कळ आली की सगळं घर उठतं. हात गळला तर म्हणतात, "रात्री हातावर झोपला असशील, जरा पड, बरं वाटंल." दुखत नाही म्हणून घरी घालवलेला तो एक तास नंतर कुठलाही डॉक्टर परत देऊ शकत नाही.

वेळ शोधून काढा

मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावातून पन्नाशीचे एक गृहस्थ आले. डावा हात-पाय पूर्ण गेलेला, तोंड वाकडं. मुलगा म्हणाला, सकाळपासनं असंच. मी विचारलं, "म्हशीची धार कुणी काढली?"

"त्यांनीच."

"आणि डेअरीला दूध कुणी घातलं?"

"त्यांनीच की."

"मग लाव डेअरीला फोन."

डेअरीच्या सचिवानं सांगितलं, साडेसहाला येऊन दूध घातलं, फॅट कमी लागली म्हणून दहा मिनिटं भांडले, मग किटली घेऊन चालत गेले. पावतीवर वेळ छापलेली होती. भांडले म्हणजे जीभ धड होती, किटली उचलून नेली म्हणजे हात धड होता. आमच्या भिंतीवर पावणेदहा वाजले होते. म्हणजे सव्वातीन तास. तोवर सीटी (डोक्याचा स्कॅन) झालेला होता, दहा वाजून वीस मिनिटांनी इंजेक्शन गेलं. ते गृहस्थ स्वतःच्या पायांनी घरी गेले, डाव्या हाताची बोटं तेवढी जरा जड राहिली.

वेळ अशी सापडते. मोबाईलमध्ये शेवटचा फोन कधी झाला आणि त्यात बोलणं कसं होतं ते बघा. नातवाला शाळेच्या गाडीत कुणी बसवलं, देवपूजा झाली होती का, शेजारणीशी दारात बोलल्या का, व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचा मेसेज कितीला आला, हे आठवा. मिळाली ती वेळ पेनानं स्वतःच्या तळहातावर लिहा. गाडीत, रडारडीत, फोनवर फोन येत असताना ती डोक्यातून जाते.

झोपेत झटका आला असेल तर घड्याळ झोपायच्या वेळेपासून मोजतात, उठल्यापासून नाही. रात्री दहाला झोपले आणि सहाला उठल्यावर हात हलेना, तर आठ तास धरले जातात. पण पहाटे चारला लघवीला उठले होते आणि नीट चालत गेले होते असं कुणी सांगितलं, तर चारपासून मोजतात. म्हणून ते विचाराच. आणि वेळ अजिबात कळली नाही तरी घरी बसू नका. झटका ताजा आहे की जुना हे काही पेशंटमध्ये एमआरआयवरून कळतं आणि अशा निवडक लोकांना इंजेक्शनचा फायदा होतो, हे 2018 साली सिद्ध झालेलं आहे.

निघेपर्यंत

तोंडात काही घालू नका. पाणी नाही, चहा नाही, लिंबू-साखर नाही. झटक्यात गिळायची ताकद गेलेली असू शकते आणि घोट सरळ फुप्फुसात जातो. न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो.

घरातली कुठलीही गोळी देऊ नका, अ‍ॅस्पिरिन तर नाहीच. क्लॉट आहे की ब्लीड हे सीटीशिवाय सांगता येत नाही, आणि ब्लीड असेल तर अ‍ॅस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट हृदयाच्या पेशंटसाठी असते, ती इथं बीपी पाडते. बीपीचं मी जरा जास्त सांगते, कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. झटका आल्यावर बीपी दोनशेच्या आसपास दिसतं, घरचे घाबरतात आणि कुणीतरी जिभेखाली गोळी देऊन ते झपकन खाली आणतं. तेवढ्या दाबावरच त्या माना टाकलेल्या भागाला थोडंफार रक्त पोचत असतं. दाब पाडला की तेही बंद. क्लॉटच्या पेशंटला विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर रुग्णालयातसुद्धा पहिल्या दिवशी 220/120 पर्यंतचं बीपी साधारणपणे तसंच राहू देतात. कमी करायचं असेल तेव्हा शिरेतून, मोजून-मापून करतात. ते काम घरी करायचं नाही.

शुगरचा पेशंट असेल आणि घरात मशीन असेल तर बोट टोचून साखर तेवढी बघा, अर्धं मिनिट लागतं. साखर फार उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं आणि ग्लुकोज शिरेत गेलं की माणूस ताळ्यावर येतो. आकडा अँब्युलन्सच्या डॉक्टरला सांगा.

तेलानं चोळणं, पारव्याचं रक्त लावणं, वाऱ्याच्या औषधासाठी कुठल्या गावाला नेणं, यातलं काहीही गुठळीपर्यंत पोचत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना मी अडवत नाही. अंगारा लावायचा तर चालत्या गाडीत लावा, गाडी थांबवू नका.

उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवा, कवळी असेल तर काढा. बाईमाणूस असेल तर कानातलं, नथ, केसांच्या पिना आणि गळ्यातलं गाडीतच काढून ठेवा. डोक्याच्या सीटीला धातू चालत नाही, आणि घट्ट बसलेली कुडी काढण्यात सीटीच्या दारात आमची चांगली दहा मिनिटं जातात. रोजच्या गोळ्यांची पिशवी आहे तशी उचलून आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, वॉर्फरिन, असिट्रोम, डॅबिगॅट्रान, अपिक्साबान यांतली कुठलीही, तर शेवटची कधी घेतली ते नक्की सांगा. त्यावर पुढचं सगळं ठरतं.

108 ला फोन करा. ही सेवा 2014 पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. फोनवर "पेशंट सिरियस हाय" एवढंच म्हणू नका. "लकव्याचा झटका आहे, साडेसहापर्यंत धड होते" असं सांगा. गाडी लांबून येणार असेल आणि दारात चारचाकी उभी असेल तर वाट बघू नका. मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून मात्र आणू नका. अर्धं अंग लुळं असलेलं माणूस मधे टिकत नाही, मान पुढं पडून श्वास अडतो. सोबत दोघं या: एक ज्यानं झटका येताना किंवा त्याच्या आधी पाहिलं तो, आणि एक जो सही करू शकतो तो.

कुठं जायचं हे आजच ठरवा

गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून "बघूया संध्याकाळपर्यंत" म्हणून थांबलेले पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा नातेवाइकांना वाटत असतं की उपचार सुरू होते. ते सलाईन क्लॉटला काहीही करत नाही. ज्या ठिकाणी चोवीस तास सीटी नाही तिथं थांबणं म्हणजे वेळ घालवणं. गावच्या डॉक्टरांना फोन जरूर करा, तेच पुढं कळवतील, पण त्यांच्या दारात गाडी उभी करू नका.

आपल्या घरापासून जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना सवडीनं, माणूस चांगला असताना, फोन करून विचारा: रात्री-अपरात्री सीटी होतो का, क्लॉट विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे असतं का आणि तुम्ही देता का, न्यूरोचे डॉक्टर बोलावल्यावर येतात का, आयसीयू आहे का. पाचवा प्रश्न, कॅथलॅबमधून, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालायच्या खोलीतून, क्लॉट ओढून काढायची सोय आहे का. त्याचं उत्तर "नाही" आलं तरी चालेल, पण मग ते पुढं कुठं पाठवतात ते विचारून ठेवा. कोल्हापूर शहरात सरकारीमध्ये सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहे, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. खासगीतही न्यूरोची सोय असलेली रुग्णालयं आहेत. नाव मोठं आहे म्हणून न जाता वरचे प्रश्न विचारून ठरवा.

जिल्हा लांबलचक आहे आणि सगळ्यांनी कोल्हापूरलाच यावं असं नाही. शिरोळ-जयसिंगपूरच्या माणसाला मिरज-सांगली जवळ. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं पडतं, तिथल्या लोकांना बेळगाव कितीतरी जवळ. जिल्ह्याची हद्द, राज्याची हद्द यात अडकू नका. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर, पण पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तेच अंतर कितीचं होईल सांगता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्यावर गेली की आपल्याकडे सगळे बातम्या बघायला लागतात. त्याच वेळी घरात बीपी, शुगर, हृदयाचा पेशंट असेल तर कुठला रस्ता चालू आहे आणि त्या रस्त्यानं कुठलं रुग्णालय गाठता येईल हेही बघून ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात पुणे-बंगळूर हायवेसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता.

सीटी आणि इंजेक्शन

दारात आल्यावर बीपी, साखर, रक्ताचे नमुने, हातात सुई, वजन आणि थेट सीटी. केसपेपर मागून होतो. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं, त्यामुळं ब्लीड आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. क्लॉटचं मात्र उलटं असतं. उपाशी पडलेला भाग पहिल्या काही तासांत सीटीवर दिसतोच असं नाही. म्हणून नातेवाईक विचारतात, "सीटी नॉर्मल म्हणताय आणि एवढं जोखमीचं इंजेक्शन द्यायचं म्हणताय, असं कसं?" सीटी स्वच्छ आहे म्हणूनच देता येतं. रक्त सांडलेलं नाही आणि मोठा भाग अजून मेलेला दिसत नाही, हा त्या स्वच्छ सीटीचा अर्थ.

इंजेक्शन दोन प्रकारची वापरतात, अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज. टेनेक्टेप्लेज एकदम शिरेत देतात. अल्टेप्लेज वजनावर, किलोला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90. साठ किलोच्या माणसाला 54 मिलिग्रॅम बसतात. त्यातले 5.4 एका मिनिटात हातानं आणि उरलेले 48.6 पंपावर एका तासात. बाटलीत भुकटी असते, त्यात पाणी सोडून बाटली हातात हळूहळू फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. नातेवाइकांना दारातून वाटतं सिस्टर सावकाश काय करतेय. तो सावकाशपणा औषधासाठी असतो. वजन माहीत असेल तर अंदाजे का होईना सांगा, ते खरंच उपयोगी पडतं.

आता सहीचं. संमतीपत्र पुढं केलं की मुलगा म्हणतो, "मुंबईच्या काकांना विचारतो." काका फोन उचलत नाहीत, मग आत्याला, मग आत्याच्या ओळखीच्या डॉक्टरला. अर्धा तास सहज जातो. म्हणून ठरवायला जे लागतं ते मी इथंच सांगून टाकते. 1995 साली अमेरिकेत या औषधाचा मोठा अभ्यास झाला, झटक्यानंतर तीन तासांच्या आत दिलेल्या लोकांवर. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले लोक इंजेक्शन घेतलेल्या शंभरांत 39 होते, न घेतलेल्यांत 26. मेंदूत रक्तस्राव होऊन तब्येत बिघडलेले घेतलेल्यांत शंभरात सुमारे सहा, न घेतलेल्यांत एकापेक्षाही कमी. तरीही तीन महिन्यांत दगावलेल्यांची संख्या घेतलेल्या गटात जास्त निघाली नाही. पुढं 2008 मध्ये मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. धोका खरा आहे, तो डॉक्टर लपवत नाहीत. फायदाही खरा आहे, आणि तो दर मिनिटाला कमी होत जातो. साडेचार तास आहेत म्हणून चौथ्या तासाला देऊ, असा हिशोब कुणी करू नये.

काहींना हे देता येत नाही. अलीकडे मोठं ऑपरेशन झालेलं असेल, गेल्या तीन महिन्यांत डोक्याला जबर मार किंवा आधीचा झटका असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील, रक्त पातळ करायच्या गोळीचा असर चालू असेल, बीपी औषध देऊनही 185/110 च्या खाली येत नसेल, तर डॉक्टर थांबतात. गेल्या महिन्यातलं पडणं "किरकोळ होतं" म्हणून लपवू नका.

खर्चाचंही बोलते, कारण घुटमळण्यामागं बहुतेक वेळा तेच असतं आणि ते बोलायला माणूस लाजतो. इंजेक्शन महाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन एकानं त्याच्याकडे जावं, दुसऱ्यानं पेशंटजवळ थांबावं. डॉक्टरांना सरळ विचारा, "किती लागतील आणि आत्ता किती भरायचे?" त्यात कमीपणा काही नाही.

क्लॉट ओढून काढणं

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर इंजेक्शनला क्लॉट दाद देईलच असं नाही. अशा वेळी जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीत अडकवून किंवा ओढून घेऊन क्लॉट बाहेर काढतात. 2015 साली एकामागोमाग एक पाच अभ्यासांनी याचा फायदा दाखवला. सगळे एकत्र मोजले तेव्हा दर दोन-तीन पेशंटमागं एकाचं अपंगत्व कमी झालं. हे साधारण सहा तासांत करतात. मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक आहे असं स्कॅनमध्ये दिसलं तर चोवीस तासांपर्यंतही करतात. म्हणून "साडेचार तास होऊन गेले, आता काय उपयोग" असं म्हणून कुणी घरी थांबू नये.

इंजेक्शन देऊन पुढच्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं, तर इंजेक्शनचा असर दिसतो का बघत बसत नाहीत, लगेच हलवतात. सीटीची सीडी आणि इंजेक्शन किती वाजता गेलं त्याची नोंद मागून घ्या.

ब्लीड निघाला तर

बीपी शिरेतून औषध देऊन, मोजून-मापून वरचा आकडा 140 च्या आसपास आणतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचा असर उतरवतात, वॉर्फरिन-असिट्रोमला व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देऊन. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूत (सेरेबेलम) मोठं रक्त साठलं किंवा मेंदूतलं पाणी तुंबलं, तर न्यूरोसर्जन लवकर हात घालतात. रक्तवाहिनीचा फुगा फुटला असेल तर तो कॉइलनं भरतात किंवा क्लिप लावून बंद करतात. "ऑपरेशन करत नाहीत म्हणजे सोडून दिलंय" असं समजू नका. पहिले एक-दोन दिवस आयसीयूत बीपीवर आणि शुद्धीवर नजर ठेवणं हाच मोठा उपचार असतो.

दहा मिनिटांत बरं झालं तर

तोंड वाकडं झालं आणि चहा होईपर्यंत सरळ झालं, तरी त्याच दिवशी या. ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते आणि तो धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. मानेच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके तपासून गोळ्या सुरू केल्या की तो बराच टळतो. यांना मी फार कळकळीनं सांगते, कारण ते स्वतः चालत येतात आणि "आता काही नाही" म्हणून स्वतः चालत परत जायला बघतात.

आणि सगळ्याच मुदती उलटून आलेल्या पेशंटलाही उपचार असतोच. सीटीत ब्लीड नसेल तर अ‍ॅस्पिरिन सुरू होतं, ताप-साखर सांभाळतात, पायात गुठळी होऊ देत नाहीत, व्यायाम लवकर सुरू करतात. मोठा भाग सुजून मेंदू दाबला जात असेल तर पहिल्या 48 तासांत कवटीचं हाड काढून जागा करतात. ऐकायला भीती वाटते, पण त्यानं जीव वाचतात.

इंजेक्शननंतरचे चोवीस तास

बीपी सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी मोजतात, 180/105 च्या वर जाऊ देत नाहीत. या काळात अ‍ॅस्पिरिन नाही, नाकात नळी किंवा लघवीची नळी शक्यतो नाही. तुम्ही जवळ असाल आणि अचानक डोकं जोरात दुखायला लागलं, उलटी झाली, झापड वाढली, आधी हलणारा हात परत गळला, हिरडीतून किंवा लघवीतून रक्त आलं, जीभ किंवा ओठ सुजला, तर राऊंडची वाट बघू नका, लगेच हाक मारा. चोवीस तासांनी परत सीटी करतात आणि त्यात रक्त नसेल तर अ‍ॅस्पिरिन सुरू होतं.

खाण्याचं घाईनं करू नका. आम्ही आधी पेशंटला बसवून चमच्यानं थोडं पाणी देऊन बघतो. खोकला येतो का, आवाज ओला होतो का, पाणी ओठातून गळतं का. पास झाला तरच तोंडानं. पातळ पदार्थ घट्टपेक्षा लवकर चुकीच्या वाटेनं जातो, त्यामुळं प्रेमानं आणलेलं नारळपाणी आणि रस्सा हेच आधी नडतात. घरचा डबा आणायचा असेल तर भरण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, आज किती घट्ट चालेल.